चालेल का?

बेल वाजली की आमची ही आतूनच सांगते, "उघडा, चालेल का आलेत." सोसायटीच्या पाटीवर त्यांचं वेगळंच काहीतरी नाव आहे, पण ते आता फक्त पोस्टमनला ठाऊक. हातात झाकलेली वाटी, पायात उलटसुलट चपला आणि नमस्काराच्या जागी तो प्रश्न.

चालायचं असतं ते कासवाला. मुलगा आठवीत असताना त्यांनी ते आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता चांगलं भाकरीएवढं आहे. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळ गाव मिसिसिपीच्या खोऱ्यात. मुलगाही आता अमेरिकेतच असतो. अदलाबदल झाली म्हणायची.

मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, एवढाच माझा गुन्हा.

"पालक चालेल का?"

"रोज नको. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अंगी लागू देत नाही. कवचाचे हाल होतात."

"मग काकडी?"

"त्यात नुसतं पाणी."

"पाण्यातच तर राहतो तो!"

पाडव्याला श्रीखंड आलं. ज्या जिवानं जन्मात आईचं दूध पाहिलं नाही त्याला चक्का कसा पचणार, असं मी म्हटलं, तर वाटी आम्हाला देऊन गेले. नागपंचमीला दूध. "नागाला चालतं ना?" नागालाही चालत नाही, तहानेनं कासावीस करून पाजतात बिचाऱ्याला, हे सांगितल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गांडुळं घेऊन हजर. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या या गृहस्थानं पहाटे सोसायटीची बाग उकरली होती. दुर्दैवानं गांडुळं चालतात. बाग अजून सावरलेली नाही.

कहर झाला जूनमध्ये. भंडारदऱ्याहून येताना बाटलीत काजवे! "उजेडाचं खाणं. चालेल का?" मी बाटली हिसकावलीच. काजव्यात विष असतं. अमेरिकेत पाळलेले दाढीवाले सरडे काजवे खाऊन दगावल्याची नोंद आहे. ते ऐकून काका जिन्यातच बसले. घामाघूम. मग मला म्हणाले, "बरं झालं विचारलं." तेव्हा पहिल्यांदा वाटलं, निदान हा माणूस विचारतो तरी.

स्वतःच्या बाबतीत मात्र विचारणं नाही. साखर तीनशेला टेकलेली आणि दर रविवारी जिलबी. कासवाला काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही असं मी एकदा सांगून बसलो, तर रोज सकाळी गच्चीवर कासव उन्हात आणि शेजारी काका छत्रीत. दोघं काही बोलत नाहीत. त्या घरात तसंही आता बोलायला कोण आहे?

परवा आले ते रिकाम्या हातानं. बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

"मास्तर, मला बहात्तर झाली. हा अजून किती?"

"नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज."

"तळ्यात सोडला तर?"

"नाही चालणार. परका जीव. इथल्या कासवांच्या तोंडचा घास काढेल."

"तेच म्हणतो मी." मग चपला सुलट करत, खाली बघत, "पुढेमागे तुमच्याकडे... चालेल का?"

हो म्हणायला धीर होईना, नाही म्हणायला तोंड. मी स्वयंपाकघरात गेलो. हिनं दुधी चिरायला घेतला होता. त्यातल्या दोन फोडी उचलून बाहेर आलो आणि त्यांनाच विचारलं, "दुधी चालतो ना हो त्याला?"