सातबारा राबतो शेतात

शेतात कोण राबतं, याचा निकाल सरकारने केव्हाच लावला आहे. सातबारा राबतो. रात्री दोनला लाइट आली की मोटर सुरू करायला तोच जातो, फवारणीचा पंप तोच पाठीवर घेतो, रानडुकरं हाकलायला माळ्यावर तोच झोपतो. म्हणून तर पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात पडतात. २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’ योजनेचे आणखी ६,००० सुरू झाले. दोन्ही मिळून दिवसाला पुरते तेहतीस रुपयेही होत नाहीत. पण हा ‘सन्मान निधी’ आहे, आणि सन्मानाचा हिशेब करायचा नसतो.

२०१९ मध्ये पीएम किसान योजना आली तेव्हा दोन हेक्टरची मर्यादा होती. दोन हेक्टरवाल्याचा सन्मान आणि वीस हेक्टरवाल्याचा अपमान, हे सरकारला बघवेना. लोकसभेची निवडणूक पार पडताच मर्यादा उठली. मात्र डॉक्टर, वकील, आमदार, खासदार, प्राप्तिकर भरणारे यांना दूर ठेवलं. कसं? ‘मी अपात्र नाही’ असं त्यांनीच लिहून द्यायचं! भारतीय माणसाच्या प्रामाणिकपणावर इतका विश्वास महात्मा गांधींनीही टाकला नसता. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारात उत्तर आलं: २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यातले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे. कर घेणारं खातं दिल्लीत, हप्ता देणारंही दिल्लीत. एकमेकांचा पत्ता तेवढा दोघांनाही ठाऊक नव्हता. या पंगतीत पंजाब, आसामच्या शेजारी महाराष्ट्रही वरच्याच पाटावर होता.

इकडे सेवा केंद्रात एक मावशी नाव नोंदवायला येतात. नखांत माती, हातात आधार कार्ड.

“मावशी, सातबारा?”

“मालकाकडं हाय. ते पुण्याला ऱ्हातेत.”

“मग तुम्ही कोण?”

“मी रानात ऱ्हाते. बटईनं करते.”

पोर्टलवर असा रकाना नसल्याने केंद्रातल्या पोराने पुढच्याला हाक मारली.

ज्या भूमीत ‘कसेल त्याची जमीन’ म्हणून कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, तिथेच हे चालू आहे. त्या कायद्याची धास्ती मालकांनी एवढी घेतली की आज बटई सगळी तोंडी. कागद केला तर कूळ लागेल! त्यामुळे गारपिटीचा पंचनामा मालकाच्या नावावर, पीककर्ज मालकाच्या नावावर. पीकविम्याला भाडेकराराने कसणारा चालतो, पण करार नोंदणीकृत हवा. म्हणजे चालत नाही. मावशींच्या नावावर फक्त कृषी सेवा केंद्राची उधारी.

एक रुपयात पीकविमा होता तेव्हा तर सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही भलत्याच लोकांनी विमे उतरवल्याचं उघड झालं. देवाच्या नावाने विमा निघतो, बटईदाराच्या नावाने निघत नाही. शेवटी देवाचं नाव तरी कागदावर असतं. मग २०२५ मध्ये सरकारने कडक पावलं उचलली: एक रुपयाची सवलतच बंद केली. लबाडांनी खाल्लं, उपाशी सगळ्यांनी राहायचं.

हे सुधारणं अवघड आहे, असं मंत्रालयात सांगतात. ओडिशाला ते अवघड गेलं नाही. तिथल्या ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीनही घेतले होते. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली. मालकाची मालकी तशीच राहते, तिला धक्का लागत नाही. महाराष्ट्रानेही असं कार्ड काढावं. आणि ते काढायचं नसेल तर ‘नमो शेतकरी’ योजनेच्या नावातून ‘शेतकरी’ हा शब्द काढून ‘जमीनमालक’ लिहावं. त्याला एक पैसाही खर्च येणार नाही.