बर्फीवाला उड्डाणपुलाला कुणी कळवलंच नाही

सीप्झमधल्या आयटी कंपन्यांतल्या पोरांचं एक बरं असतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायची म्हटली की आधी कुणीतरी विचारतं, "जुन्याशी चालेल ना?" नाहीच चाललं, तर रात्रभर खपून जुनी आवृत्ती पुन्हा चढवायची आणि सकाळी घरी जायचं. त्याच सीप्झपासून रिक्षाने जाता येईल (रिक्षावाला हो म्हणाला तर) अशा अंतरावर अंधेरीचा गोखले पूल आहे. तिथे जुनी आवृत्ती परत चढवायची सोय नव्हती. ती तोडून झाली होती.

१९७५ साली बांधलेल्या या पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. चार वर्षांनी पाहण्या, अहवाल वगैरे उरकून ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल बंद झाला. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेला जायला सबवे होताच. म्हणजे पाऊस नसेल तेव्हा होता.

दरम्यान रुळांवरच्या पुलांचे रेल्वेचे निकष बदलले होते. पूल आता अधिक उंच हवा होता. निकषाबद्दल तक्रार नाही. खालून गाड्या धावतात, वर विजेच्या तारा आहेत, उंची हवीच. नव्या निकषाबरहुकूम नवा पूल उभा राहिला, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू सुरू झाली, आणि जुन्या पुलाला जोडलेला, जुहूकडे नेणारा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली राहिलेला साऱ्या मुंबईने पाहिला. बिचाऱ्याचा काय दोष? त्याला परिपत्रकाची प्रत गेली नसणार.

आराखडे, निविदा, बैठका एवढं सगळं होऊन बर्फीवाल्याचा विषय एकदाही निघाला नसेल, हे मला पटत नाही. निघाला असेल. 'यथावकाश पाहावे' असा शेरा मिळवून फायलीत निजलाही असेल. मुंबईत पूल दोन खात्यांचा असतो. रुळांवरचा तुकडा रेल्वेच्या नियमाने चालतो, अलीकडचा-पलीकडचा महापालिकेच्या. माणूस मात्र सबंध पुलावरून जायचं म्हणतो, तिथेच सगळा घोळ होतो.

मग व्हीजेटीआय आली, आयआयटी आली. सल्ले झाले. बर्फीवाल्याखाली जॅक लागले, पुलाचा तेवढा भाग इंचाइंचाने उचलला गेला, त्याखाली आधार बसले आणि दोन्ही पुलांचं काँक्रीट एकमेकांना शिवून टाकलं. इंजिनिअर मंडळींना इथे दाद दिलीच पाहिजे. काम सोपं नव्हतं, आणि जुलै २०२४ मध्ये गाड्या त्यावरून जाऊही लागल्या. पण आकडे वाचा. एका बाजूला १,३९७ मिलिमीटर उचल, दुसऱ्या बाजूला ६५०. तेराशे नाही, चौदाशे नाही, १,३९७! म्हणजे या शहरात फूटपट्टी आहे. मिलिमीटरच्या खुणाही तिच्यावर आहेत. फक्त ती कपाटातून निघते उद्घाटनानंतर.

गोखले पूल पुरता खुला व्हायला मे २०२५ उजाडला. तोवर शीवचा १९१२ सालचा पूलही १ ऑगस्ट २०२४ पासून बंद करून नव्याने बांधायला घेतला होता. जॅकवाल्यांनी तूर्त मोबाइल नंबर बदलू नये.