टाळ्या कोण वाजवतंय?

दोन षटकांच्या मधे तीच. बातम्यांच्या मधे तीच. मालिकेतल्या सासूबाई कट रचायला घेतात आणि कट राहतो बाजूला, पुन्हा तीच. एचआरच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची जाहिरात. कोऱ्या ब्लेझरमधली तरुणी रात्रभर लॅपटॉपपुढे बसते, कॉफी निवते, उजाडतं, प्रमाणपत्र येतं. आणि ती ऑफिसात पाऊल टाकते तेव्हा अख्खं ऑफिस उभं राहून टाळ्या वाजवतं.

एचआरला. टाळ्या.

जाहिरातीत काहीही चालतं, कबूल. क्रीम लावून नोकरी मिळते, बनियन घालून गुंड पळवता येतात, हे आपण मुकाट सोसलं. पण एचआरचा माणूस मजल्यावर आला की काय होतं, हे पगारदाराला कुणी सांगायला नको. हशा मधेच तुटतो. शेअर बाजाराच्या खिडक्या पटापट मिटतात, एक्सेलच्या उघडतात. तो ज्याच्या टेबलाशी थांबतो त्याचा शेजारी कीबोर्डवर असा तुटून पडतो की वर्षभराचं काम त्या दोन मिनिटांत उरकावं.

मग या टाळ्या कोण वाजवतंय? हल्ली मी ती जाहिरात फक्त मागच्या माणसांसाठी बघतो. खांबाजवळचा चष्मेवाला मनापासून वाजवतो. तो नोटीस पिरियडवर असणार, त्याला आता कुणाचं भय नाही. खिडकीजवळच्या बाई शेजारणीकडे बघत वाजवतात, अप्रेझल व्हायचंय. आणि अगदी मागे एक गृहस्थ अर्ध्या सेकंदाने मागे पडतात. माझा जीव त्यांच्यात अडकलाय. त्यांना पुढच्याच आठवड्यात काचेच्या खोलीत बोलावतील. टाळ्यांमधे सातत्य नाही, म्हणतील. सुधारणेसाठी ६० दिवसांची लेखी योजना देतील, मिनिटाला किती टाळ्या याचं उद्दिष्ट ठरवतील, दर शुक्रवारी आढावा घेतील. बिचारे घरी आरशापुढे सराव करतील, तळहात लाल करून घेतील, उद्दिष्ट गाठतीलही. मग कळेल की दहाजणांच्या टीममधे कुणीतरी एक खालच्या श्रेणीत बसवावाच लागतो, आलेखाचा आकार तसा आहे. ज्याने सर्वांत जोरात वाजवल्या त्याला शाबासकीचा ईमेल आणि यंदा बजेट नाही.

टीव्हीवर तासाला बारा मिनिटं जाहिरात करायची मुभा आहे. त्यातली मिनिटं काही फुकट मिळत नाहीत. सामना बघणाऱ्या कोट्यवधींमधे हे प्रमाणपत्र घेणारे किती? सोलापूरचे माझे मामा रिटायर होऊन जमाना झाला, त्यांना ही जाहिरात तोंडपाठ आहे. म्हणजे ती गिऱ्हाइकासाठी नाहीच, आपल्यासाठी आहे. उद्या घरी बसवतील तेव्हा, निदान प्रशिक्षित हातांनी बसवलं, असं वाटायला हवं. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, रिक्षावाल्याला बॅज लागतो. माणसं घ्यायला आणि काढायला कायद्याने असलं काहीच लागत नाही. तेव्हा निदान प्रमाणपत्राची फ्रेम तरी.

गिरणगावात हे काम जॉबर करायचा. भरती त्याच्या हातात, बदली कामगाराला आज काम की उद्या हेही त्याच्याच हातात, आणि त्याची दस्तुरी ठरलेली. गडी लबाड होता. पण आपण एक कुटुंब आहोत असं तो कधी म्हणाला नाही.

कुटुंब! या कुटुंबातून बाहेर पडून बघा. भरतीच्या वेळी दिवसातून तीनदा फोन करणारा हाच विभाग राजीनाम्यानंतर पोर्टल होतो. तिथे तिकीट काढायचं. फुल अँड फायनल प्रक्रियेत आहे. रिलिव्हिंग लेटर प्रक्रियेत आहे. तुम्ही एक दिवस आधी गेलात तर नोटीसचे पैसे मात्र त्याच दुपारी कापलेले असतात, त्याला प्रक्रिया नसते. आणि जाहिरातीतली ती चकचकीत फरशी पुसणाऱ्या मावशी कुठे आहेत? त्या दिसणार नाहीत. त्या ठेकेदाराच्या. हजेरी त्याच्याकडे, पीएफ कापला जातो तो भरला का हेही त्यालाच ठाऊक, आणि त्यांची फाईल एचआरमधे नसतेच, खरेदी विभागात असते, झाडू आणि फिनेलच्या बिलांबरोबर. भविष्यनिर्वाहाची रक्कम ठेकेदाराने बुडवली तर ती मुख्य मालकाच्या गळ्यात येते, हा कायदा जुना आहे. ठणकावून विचारणारा एक एचआरवाला दाखवा, मी स्वतः उभा राहीन.

तर या प्रमाणपत्राची परीक्षा घेणाऱ्यांना माझ्याकडून एक प्रश्न फुकट. २०१९ ची वेतन संहिता, जी अमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढून टाकलेल्या कामगाराचं वेतन किती दिवसांत चुकतं करायचं? पर्याय: अ) दोन कामकाजाचे दिवस. ब) पंचेचाळीस दिवस. क) पुढच्या पगाराच्या फेरीत. ड) कृपया नवीन तिकीट काढा. बरोबर उत्तर अ आहे. पेपर सगळ्या विभागप्रमुखांना एकाच दिवशी द्या, मोबाईल बाहेर ठेवून. आणि निकाल लावा दोन कामकाजाच्या दिवसांत.