पेशवाई डायनिंग टेबल

पेशवाईत पंक्ती पाटावर बसत; पुढ्यात केळीचे पान, भोवती रांगोळी. तरीही पुण्यात ‘पेशवाई डायनिंग टेबल’ ऑर्डरप्रमाणे बनवून मिळते. शिवकालीन सोफा-कम-बेड अजून कुणी काढला नाही, हे नशीबच.

या टेबलासाठी एखाद्या पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान शोधले जाते. (वाडा उभा होता तेव्हा कुणी फिरकले नव्हते, तुळईला मात्र गिऱ्हाइकांची कमी नाही.) पाय सुरूदार खांबांसारखे, वर कोरलेले केळफूल. दिसते झकास. फक्त खुर्ची आत सरकवली की केळफूल नेमके गुडघ्यावर बसते.

मिस्त्री परोपरीने सांगतो, टेबल ३० इंच उंच, बैठक १८ इंच. मधल्या जागेत मांडी मावायची आहे, तिथे नक्षीची पट्टी नको. वरचा फळा चौकटीला स्क्रूने करकचून आवळू नका, सागवानही पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. जखडले तर तडकेल. साहेबांचे लक्ष मोबाइलवरच्या फोटोत. त्यांना सांधा बिनखिळ्याचा, खाचेत बसवलेला हवा, तोही गणपतीच्या आत आणि प्लायवूडच्या भावात.

शेवटी टेबल घरी येते. नक्षी खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिक पसरतात, त्यावर इस्त्रीचे कपडे आणि विजेची बिले. जेवण टीव्हीसमोर, ताट मांडीवर.

तुम्हालाही असले टेबल करून घ्यायचेच असेल, तर मिस्त्रीला आधी घरातल्यांचे गुडघे मोजू द्या. केळफुलाचे नंतर बघू.