दोष वाऱ्याचा

अमेरिकेत रायफलीच्या दुर्बिणीवर हजार डॉलर उधळणारा शिकारी ती रायफलीवर बसवणारा माउंट घेताना मात्र मेथीच्या जुडीसाठी घालावी तशी घासाघीस करतो. कोंबडी बारा आण्यांची, मसाला उधारीचा!

मग माउंटची रायफलीवरच्या पट्टीशी सोयरीक. जुन्या वीव्हर पट्टीची खाच साधारण साडेचार मिलिमीटर रुंद. न्यू जर्सीतल्या शस्त्रागाराचं नाव मिरवणाऱ्या, १९९५ साली लष्करी मानक ठरलेल्या पिकाटिनीची सव्वापाच. दुर्बीण धरणारी वीव्हरची कडी पिकाटिनीवर बहुधा बसते. उलटी सोयरीक जुळणं कठीण. शिवाय दुर्बिणीची नळी ३० मिलिमीटरची आणि आणलेली कडी एक इंची, हा घोळ वेगळाच.

स्क्रू आवळायला टॉर्क रेंच हवा, पण गडी मनगटावर विसंबतो. जास्त पिळलं की नळीवर वळ, कमी पिळलं तर दोन-चार बारांतच दुर्बीण सरकते. हरीण निघून जातं. शिकारी वाऱ्याला शिव्या घालतो.