कामापुरतं बोलावणं

सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, तेव्हा दारोदार कोण फिरलं? आशा सेविका. हातात ऑक्सिमीटर आणि ताप मोजायची गन. सख्खे नातेवाईकही एकमेकांकडे जायला धजत नव्हते, तेव्हा या बायका अनोळखी उंबरठ्यांवर उभ्या होत्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. आणि २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानावर धरणं धरून बसल्या. मोबदला वाढवण्याची घोषणा झाली होती, पण शासन निर्णय निघत नव्हता.

गरोदर बाईची नोंद करायची, कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री तिला दवाखान्यात न्यायचं, बाळांचं लसीकरण चुकू द्यायचं नाही. या बायकांवाचून गावातलं आरोग्य खातं एक दिवस चालणार नाही. तरीही कर्मचारी म्हणून नाव नाही. स्वयंसेविका म्हणायचं आणि कामागणिक मोबदला द्यायचा. अंगणवाडीचंही तेच. योजना १९७५ ची. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं.

ग्रॅच्युइटी, पेन्शन, आजारपणाची रजा. माणूस आपल्याला हवा आहे की त्याची नुसती गरज आहे, हे इथं कळतं. गरजेच्या माणसाला काम होईपर्यंत सांभाळतात. हव्या असलेल्या माणसाची सोय तो काही करू शकणार नाही त्या दिवसांसाठीही केलेली असते.

घरात तरी वेगळं काय चाललंय? सुनेचं बाळंतपण आलं की आईचं तिकीट काढलं जातं, पुण्याचं असो वा न्यू जर्सीचं. अमेरिकेत सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई, अशा पाळ्या लागतात. मेथीचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश, रात्रीची जागरणं. नातवंड शाळेत जायला लागलं की फोनवर ऐकू येतं, 'आई, तुला इथं करमणार नाही.' इतकी वर्षं तिला करमतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

आईला हे समजत नाही असं कुणी मानू नये. गुडघे गेल्यावरही ती लसूण सोलायला मागते, भाजी निवडायला मागते, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसते. आपण म्हणतो, तिला स्वस्थ बसवत नाही. मला त्यात भीती दिसते. आपला उपयोग संपला तर या घरात आपली जागा काय, ही भीती. ज्या घरात म्हातारीला आपल्या जेवणाची किंमत लसूण सोलून चुकवावीशी वाटते, त्या घराला मी चांगलं घर म्हणणार नाही, मग तिच्या औषधांवर कितीही खर्च होत असो.

सरकारनं आशांना सेवेत कायम करावं आणि पेन्शन द्यावी. गौरव पुष्कळ झाले. आणि तुम्ही या रविवारी आईला फोन कराल, तेव्हा मुलांच्या सुट्टीत ती कधी येणार, हा विषय काढू नका.