माशी कुठे शिंकली

पंचवीस यार्डांवर लावलेल्या निशाणाच्या कागदावरचं काळं वर्तुळ जेमतेम साडेपाच इंचांचं असतं. कनेक्टिकटमधल्या एका रेंजवर प्रस्तुत लेखकाच्या गोळ्या त्या वर्तुळाशी फटकून वागू लागल्या आणि खाली डावीकडे, पांढऱ्यात जाऊन बसू लागल्या, तेव्हा दोष कोणाचा याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. दोष पिस्तुलाचा. त्यातही पुढच्या टोकावरच्या माशीचा.

माशी बारीक आहे, हे खरंच. अमेरिकी लष्कराने 1911 साली स्वीकारलेल्या .45 पिस्तुलावर (लेखकाचं त्याच घराण्यातलं) ती दोन-तीन मिलिमीटर उंचीची, आणि मागची खाच तिला साजेशी. 1920 च्या दशकात 1911ए1 हा सुधारित अवतार आला, तेव्हा माशी जराशी रुंद केली गेली. पण ती कोणाला दिसावी असा आग्रह त्यातही जाणवत नाही. खाच आणि माशी यांच्यातलं अंतर साधारण साडेसहा इंच. तेवढ्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर पंचवीस यार्डांवर गोळी सुमारे साडेपाच इंच सरकते. हे गणित लेखकाने स्वतः कागदावर मांडलं आणि रेंजवरच्या प्रत्येकाला, विचारलं नसताना, समजावून सांगितलं. निष्कर्ष असा की माणूस उत्तम, माशी नालायक. सबब माशी बदलावी.

ही बातमी जुनी पिस्तुलं जमवणाऱ्या मंडळींत पोहोचली आणि कोणी देवळाचा कळस उतरवायला निघाल्यासारखी कुजबुज सुरू झाली. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं. मूळ माशी स्लाइडमधल्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागातल्या, छोट्याशा भोकात बसवून आतून ठोकून पक्की केलेली असते. आजची मोठी माशी बसवायची तर स्लाइड मिलिंग मशीनवर चढवून आडवी डोव्हटेल खाच कापावी लागते, आणि मागची खाचही बहुधा रुंद करावी लागते. कापलेलं पोलाद परत येत नाही. युद्धकाळातला राखाडी-हिरवट फॉस्फेटचा थर त्या जागी जातो, आणि त्याबरोबर संग्राहकाच्या लेखी पिस्तुलाची किंमतही. लेखकाला राग आला तो या युक्तिवादाचा नव्हे, तर तो करणाऱ्यांचा. त्यांतल्या काहींनी आपल्या संग्रहातल्या पिस्तुलातून आजवर एकही गोळी झाडलेली नाही. तिजोरी उघडायची, हातमोजे घालून पुसायचं आणि तिजोरी बंद करायची.

शिवाय ‘मूळ’ म्हणजे नक्की काय? 2018 पासून सरकारी साठ्यातली ही पिस्तुलं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था नागरिकांना विकते. अर्ज, कागदपत्रं, मग सोडत. सगळं म्हाडाच्या घरासारखं. नंबर लागला तरी पिस्तूल कोणत्या कारखान्याचं मिळेल ते नशिबावर. लष्कराच्या कार्यशाळांत दुरुस्तीला आलेली पिस्तुलं सुटी करून हाती लागेल त्या भागांनी पुन्हा जोडली जात. त्यामुळे लेखकाच्या पिस्तुलाचा सांगाडा अनुक्रमांकावरून कोल्टचा निघाला, स्लाइड दुसऱ्या कारखान्याची आणि नळी तिसऱ्याच घरची.

पण त्या स्लाइडवरचं नाव वाचून लेखकाला भरून आलं. रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क. ही टाइपरायटरवाली कंपनी! रेमिंग्टनच्या मराठी कळफलकावर ज्यांनी तालुक्याच्या गावी ‘मराठी तीस’ची परीक्षा दिली, त्यांना या नावाचं महत्त्व सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात कोल्टचा एकटा कारखाना पुरेना, तेव्हा सरकारने भलभलत्यांना पिस्तुलं बनवायला लावलं. 1942 ते 1945 या काळात या टाइपरायटरवाल्यांनी पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं काढली, साक्षात कोल्टपेक्षा जास्त. रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने पंचावन्न हजार काढली. आणि शिलाई मशीनच्या सिंगरने? फक्त पाचशे. मग सरकारनेच सिंगरला विमानवेधी तोफांना नेम धरून देणाऱ्या यंत्रांकडे वळवलं. आज सिंगरचं एक पिस्तूल लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलेलं आहे. आपल्याकडे आजीची सिंगर मशीन माळ्यावर धूळ खात पडलेली असते, आणि तिच्याच कंपनीची ही भावंडं काचेखाली राहतात. हे सगळं लेखकाने मंडळाच्या गणेशोत्सवात आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात सविस्तर सांगितलं. रांग पुढे सरकली, श्रोते तिच्याबरोबर गेले.

मूळपणाच्या भक्तांना गप्प करायला लेखकाकडे आणखी एक हुकमी पत्ता होता. ओहायोतल्या कँप पेरीला 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात. 1950 च्या दशकात तिथे जिंकण्यासाठी खुद्द लष्कराच्या स्प्रिंगफील्ड आर्मरीने हीच युद्धातली पिस्तुलं घेतली, घट्ट बसवली आणि त्यांच्यावर मोठ्या साइट्स, म्हणजे खाच आणि माशी, चढवल्या. ती ‘नॅशनल मॅच’ पिस्तुलं आज संग्राहक मिटक्या मारत घेतात. सरकारने कापलं तर वारसा, प्रस्तुत लेखकाने कापलं तर विध्वंस!

पत्ता टाकून झाला. गनस्मिथकडे जायचा दिवसही ठरला. आदल्या रात्री पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून लेखक स्लाइड पुसत बसला. स्लाइडच्या कडा चामड्याच्या होल्स्टरला घासून उजळल्या आहेत. एवढं घासायला ते कोणाच्या तरी कमरेला फार काळ असावं लागतं. माशी बारीक ठेवण्यात कारखान्याचा कंजूषपणा नव्हता. हे हत्यार चार पावलांवर, घाईत आणि बहुतेक वेळा वाईट उजेडात वापरायचं होतं. स्पर्धेतले गुण मांडायला नव्हे. त्या कमरेचा मालक वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याला माशी दिसली का, दिसायला वेळ मिळाला का, तो घरी परतला का, यातलं काही स्लाइडवर लिहिलेलं नाही. आपल्या रविवारच्या गुणांसाठी ही कड मशीनखाली द्यायची, हे लेखकाला त्या रात्री जमेना.

“अहो, परवा हॉटेलात मेनू कार्ड हात लांब करून वाचत होतात,” बायको म्हणाली. “पिस्तूल कशाला कापता? डोळे तपासा.”

नेमबाजाला तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: खाच, माशी आणि निशाण. डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो, म्हणून माशी स्वच्छ आणि बाकी धूसर, असं शिकवतात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. लेखकाला तिन्ही गोष्टी समान न्यायाने धूसर दिसत होत्या. उपाय साधा निघाला: दूरच्या नंबरात अर्धा-पाऊण डायॉप्टर वाढवून नजर बरोबर माशीवर स्थिरावेल असा चष्मा.

आता माशी लख्ख दिसते. गोळ्या अजून खाली डावीकडेच जातात. उजव्या हाताच्या नेमबाजाचं असं होतं तेव्हा तो बहुधा चाप हिसकतो, असं रेंजवरचे जाणकार सांगतात. 1911ए1 करताना लष्कराने चाप आखूड केला होता, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. प्रस्तुत लेखक सध्या चाप बदलण्याच्या विचारात आहे.